शीग लावलेलं इंजिन

‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असं आपण सहज म्हणतो. ही शीग मूळची धान्याच्या बाजारातली. पायली काठोकाठ भरली की वरून आणखी धान्य सोडायचं. काठाच्या वर जो शंकूसारखा ढीग उभा राहतो, ती शीग. पायली तीच, पण घरी जाणारं धान्य जास्त. त्यामुळे सौदा करताना आधी ठरवून घ्यावं लागे, की माप सपाट धरायचं की शिगेचं.

मोटारींच्या जगात हा सौदा गेली शंभर वर्षं चालू आहे. ब्रोशरमध्ये ‘सीसी’ नावाचा जो आकडा असतो, तो इंजिनातल्या भांड्यांचं माप सांगतो. त्यात हवा किती भरली जाते, हे तो सांगत नाही. बाहेरची हवा आपल्या दाबाने जेवढी आत शिरेल तेवढीच घेणारं इंजिन म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, चाहत्यांच्या भाषेत ‘एनए’. हे सपाट माप. पंप लावून हवा कोंबली तर ते सुपरचार्ज्ड, म्हणजे शिगेचं माप.

यातलं चांगलं कोणतं, यावर गाडीवेडी पोरं रात्र-रात्र भांडतात. एक गट एनएच्या आवाजाच्या आणि पाय दाबताच मिळणाऱ्या प्रतिसादाच्या प्रेमात, दुसरा गट छातीवर बसणाऱ्या धक्क्याच्या. ही झाली आवडीनिवडीची गोष्ट. शर्यतींच्या इतिहासात मात्र हा निकाल आवडीने कधीच लागला नाही. शिगेचं एक लिटर हे सपाट किती लिटरच्या बरोबरीचं मानायचं, हा आकडा कुणीतरी नियमपुस्तकात लिहिला आणि त्या आकड्याने गाड्या घडवल्या किंवा बुडवल्या. आणि प्रत्येक वेळी शिगेची किंमत कुठे ना कुठे वसूल झाली.

एक लिटर हवेचं वजन

आधी इंजिनाचा हिशेब पाहू. पिस्टन खाली जातो, भांड्यात पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा आत घुसते. इंजिन हवा ‘ओढतं’ असं आपण म्हणतो, पण खरं तर वातावरणच ती आत ढकलत असतं. त्यामुळे वातावरणाचा दाब ही एनए इंजिनाची मर्यादा. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो, म्हणून मुंबईत चुणचुणीत वाटणारी गाडी तिथे जरा मरगळते. भांडं तेच, पण आत येणारी हवा विरळ.

एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम. एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लिटर हवेत जेमतेम ०.०८ ग्रॅम पेट्रोल जळतं, सोनाराच्या एका गुंजेपेक्षाही कमी. पेट्रोल जास्त सोडणं सोपं असतं. अडचण आहे ती त्याच्यासोबत पुरेशी हवा आणण्याची. ताकद वाढवायची तर जास्त हवा हवी आणि ती मिळवायचे मार्ग तीनच. भांडं मोठं करा, इंजिन जास्त वेगाने फिरवा म्हणजे तेच भांडं मिनिटाला जास्त वेळा भरेल, किंवा हवा दाबून भरा.

तिसऱ्या मार्गासाठी लागणारा पंप मोटारीच्या आधीच तयार होता. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कॉनर्सव्हिल गावी, फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये एका ब्लोअरचं पेटंट घेतलं. एका पेटीत दोन पाती एकमेकांत अडकून उलट-सुलट फिरतात आणि हवा एकीकडून दुसरीकडे ढकलतात. भट्ट्यांना वारा घालायला आणि खाणींत हवा खेळवायला तो वापरात आला. पुढे हाच ‘रूट्स ब्लोअर’ मोटारींच्या इंजिनांना लागला. मर्सिडीजने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर लावलेल्या रस्त्यावरच्या गाड्या मांडल्या. १९२३ मध्ये मॉन्झा इथे इटालियन ग्राँ प्री फियाट ८०५ ने जिंकली. सुपरचार्जर लावलेल्या गाडीने जिंकलेली ही पहिली ग्राँ प्री. त्यानंतर काही वर्षांतच ग्राँ प्रीत टिकायचं तर ब्लोअर हवाच, अशी स्थिती आली.

मात्र या शिगेचा खर्च असतो. पहिला खर्च पंप फिरवण्याचा. तो इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो, म्हणजे मिळकतीतला एक हिस्सा आधीच कापला जातो. दुसरा उष्णतेचा. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाची नळी गरम होते, तशी दाबलेली हवा तापते. तापलेली हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण ठिणगीने लागलेली ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटायला लागतं आणि पिस्टनवर हातोडे पडल्यासारखे धक्के बसतात. मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच. ते टाळायचं तर आत थंडावा हवा. त्या काळात हा थंडावा इंधनच जास्त ओतून आणला जाई. तिसरा खर्च, म्हणजे इंधनाचा, तो हा.

डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा नकार

हे खर्च मनोमन ओळखून असलेला एक माणूस लंडनमध्ये होता. वॉल्टर ओवेन बेंटली, सगळे त्यांना ‘डब्ल्यू. ओ.’ म्हणत. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानांची इंजिनं घडवली होती. त्यांचं धोरण सरळ होतं. गाडी कमी पडतेय? इंजिन मोठं करा. ३ लिटरपासून सुरुवात करून साडेसहा आणि साडेचार लिटरच्या आणि शेवटी ८ लिटरच्या गाड्या त्यांनी काढल्या. चांगल्या इंजिनाला ब्लोअर लावणं म्हणजे त्याची रचना बिघडवणं, असं त्यांचं ठाम मत होतं.

पण कंपनी त्यांच्या नावाची असली तरी पैसा त्यांचा नव्हता. तो होता वुल्फ बार्नाटोचा. दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या संपत्तीचा हा वारस कंपनीचा अध्यक्ष होता आणि स्वतः उत्तम ड्रायव्हरही. बेंटलीच्या शर्यतींच्या चमूत सर हेन्री ‘टिम’ बर्किन नावाचा एक धाडसी ड्रायव्हर होता. त्याला साडेचार लिटरच्या गाडीला ब्लोअर लावून हवा होता. डब्ल्यू. ओं.नी नकार दिला. बर्किनने अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स या इंजिनिअरकडून ब्लोअर बनवून घेतला, डॉरोथी पॅजेट या श्रीमंत वारसदार बाईंकडून पैसे मिळवले आणि बार्नाटोकडून होकार. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ही गाडी उतरवायची तर तशा ५० गाड्या विक्रीसाठी बनवणं भाग होतं. म्हणजे मालकाच्या होकारामुळे डब्ल्यू. ओं.ना नको असलेली गाडी त्यांच्याच कारखान्यात घडू लागली.

आकडे पाहिले तर बर्किनचा मोह कळतो. साध्या साडेचार लिटर बेंटलीची ताकद सुमारे ११० अश्वशक्ती. ब्लोअर लावून रस्त्यावरची गाडी १७५ वर गेली आणि शर्यतीची २४० वर. भांडं तेच, ४,३९८ सीसी.

१९३० च्या जूनमध्ये ल माँला दोन्ही विचार एकाच शर्यतीत उतरले. एकीकडे कारखान्याच्या ‘स्पीड सिक्स’ बेंटली, साडेसहा लिटर, ब्लोअर नाही. दुसरीकडे बर्किनच्या चमूच्या ब्लोअर बेंटली. आणि समोर जर्मनीची एकमेव मर्सिडीज एसएसके, चालवायला रुडॉल्फ काराचिओला. मर्सिडीजचा ब्लोअर कायम चालू नसे. पाय पूर्ण दाबला की तो जोडला जाई आणि किंचाळू लागे. तो थोडाच वेळ वापरायचा, नाहीतर इंजिनाला झेपणार नाही, अशी ताकीद असे.

बर्किनने सुरुवातीपासून पाठलाग केला. मुलसानच्या लांब सरळ रस्त्यावर एका बाजूची चाकं गवतात घालून आणि टायरचे तुकडे उडत असताना त्याने काराचिओलाला मागे टाकलं. शर्यतीतली सगळ्यात वेगवान फेरीही त्याचीच. पण पहाट होण्याआधीच मर्सिडीज बाद झाली आणि नंतर दोन्ही ब्लोअर बेंटलींची इंजिनंही गेली. पहिल्या दोन क्रमांकांवर आल्या त्या स्पीड सिक्स. पहिल्या गाडीत होते बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन. म्हणजे ब्लोअरला होकार देणारा माणूसच बिनब्लोअरच्या गाडीत बसून जिंकला.

डब्ल्यू. ओ. बरोबर ठरले, असं म्हणून इथे थांबता येईल. पण पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, त्याच ल माँला टिम बर्किन जिंकला. अर्ल होव यांच्यासोबत, अल्फा रोमिओ ८सी मध्ये. त्या गाडीचं इंजिन होतं २.३ लिटरचं आणि त्याला सुपरचार्जर होता. फरक इतकाच, की विट्टोरिओ यानोने ते इंजिन सुपरचार्जर धरूनच पहिल्या रेषेपासून आखलं होतं. बेंटलीच्या इंजिनावर तो नंतर बसवलेला होता. डब्ल्यू. ओं.चं म्हणणं त्यांच्या इंजिनापुरतं खरं होतं, सगळ्या इंजिनांसाठी नाही.

ते वर्ष बेंटली कंपनीसाठी शेवटचं ठरलं. जगभरच्या मंदीत ती बुडाली आणि १९३१ च्या अखेरीस रोल्स-रॉइसच्या हाती गेली. ब्लोअर बेंटलीने एकही मोठी शर्यत जिंकली नाही. तरी आज ‘जुनी बेंटली’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती तीच, पुढच्या चाकांच्या मध्ये ब्लोअर मिरवणारी. इयान फ्लेमिंगने कादंबऱ्यांत जेम्स बाँडला दिली तीही तीच.

दीडचा आकडा

तिसाव्या दशकाच्या मध्यावर ग्राँ प्रीच्या गाड्यांच्या वजनावर मर्यादा होती, इंजिनाच्या आकारावर नव्हती. जर्मनीच्या मर्सिडीज आणि ऑटो युनियन यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. नाझी सरकारचं पाठबळ होतंच. १९३७ च्या मर्सिडीजचं इंजिन ५.६ लिटरच्याही वर, त्यावर सुपरचार्जर, ताकद साडेपाचशे अश्वशक्तीच्या पुढे. बाकीचे देश नुसते बघत राहिले.

१९३८ साठी नवा नियम आला. सुपरचार्ज्ड असाल तर जास्तीत जास्त ३ लिटर, नसाल तर साडेचार लिटर. म्हणजे शिगेचं एक लिटर बरोबर सपाट दीड लिटर. दीड हा आकडा सुपरचार्जरला फार स्वस्तात सोडणारा होता. मर्सिडीज डब्ल्यू१५४ ३ लिटरमधून चारशेच्या वर अश्वशक्ती काढत होती. फ्रान्सची साडेचार लिटरची डेलाहाय १४५ अडीचशेच्या आसपास. कागदावर ही लढतच नव्हती.

त्या डेलाहायमागे उभी होती ल्युसी ओ’रायली शेल, फ्रान्समध्ये राहणारी अमेरिकन वारसदार आणि स्वतः रॅली चालवणारी बाई. तिचा ड्रायव्हर होता रने ड्रेफ्यूस. त्याचे वडील ज्यू. त्या काळात जर्मन संघाचे दरवाजे त्याच्यासाठी बंद होते, तो कितीही चांगला चालवत असला तरी.

१० एप्रिल १९३८ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या पो शहरात मोसमातली पहिली ग्राँ प्री झाली. शहरातल्याच अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर १०० फेऱ्या, एकूण सुमारे २७७ किलोमीटर. मर्सिडीजकडून सुरुवात केली काराचिओलाने, आठ वर्षांपूर्वी ल माँला होता तोच. अशा रस्त्यावर चारशे अश्वशक्ती वापरायला जागाच नव्हती. जास्त पाय दिला की मागची चाकं जागच्या जागी फिरत. पण इंधन मात्र जळतच होतं. मर्सिडीजला लिटरमागे एक किलोमीटरही मिळत नव्हता. शर्यत निम्मी झाल्यावर ती इंधनासाठी थांबली आणि काराचिओलाच्या जागी हेर्मान लांग बसला. ड्रेफ्यूस थांबलाच नाही. एका टाकीत शंभर फेऱ्या पूर्ण करून तो जवळजवळ दोन मिनिटांनी जिंकला.

या विजयाला त्या काळी केवढा अर्थ होता, हे सांगायला नको. त्याच्या महिनाभर आधीच जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं होतं. पण तांत्रिक निकाल म्हणून पाहायचं तर पो हा अपवाद होता. वेगवान, मोकळ्या रस्त्यांच्या शर्यती सुरू झाल्या आणि त्या मोसमातल्या बहुतेक मोठ्या शर्यती मर्सिडीजनेच जिंकल्या. दीडच्या आकड्याने सपाट मापाला हरवायचंच ठरवलं होतं. पोच्या गल्लीबोळांनी एक दिवस त्या आकड्यावर मात केली, इतकंच.

तीनचा आकडा

महायुद्ध संपलं. शर्यती सुरू करायच्या होत्या, पण नव्या गाड्या बनवायला कुणाकडे पैसा नव्हता. गॅरेजांत, गोदामांत जे वाचलं होतं त्यावरच चालवायचं होतं. वाचलं होतं काय? इटलीत आणि इंग्लंडमध्ये युद्धाआधीच्या दुय्यम वर्गाच्या दीड लिटर सुपरचार्ज्ड गाड्या. फ्रान्समध्ये साडेचार लिटरच्या बिनब्लोअरच्या टाल्बो. दोघांनाही धावता यावं म्हणून १९४७ पासून नियम ठरला: दीड लिटर सुपरचार्ज्ड किंवा साडेचार लिटर एनए. पुढे फॉर्म्युला वन म्हणून जी ओळखली जाऊ लागली ती हीच व्यवस्था. दीडचा आकडा एकदम तीन झाला. हवा, पेट्रोल, लोखंड यांत काहीच बदललं नव्हतं. गोदामात कोणत्या गाड्या उरल्या, यावरून आकडा ठरला.

तरीही सुपरचार्जरवालेच पुढे होते. अल्फा रोमिओ १५८ ही गाडी १९३७ मध्ये जोआकिनो कोलंबोने आखली होती, तीही मोदेनात, एन्झो फेरारीच्या देखरेखीखाली. तेव्हा फेरारी अल्फासाठी काम करत होते. पुढे ते अल्फातून बाहेर पडले आणि युद्धानंतर स्वतःच्या नावाने गाड्या बनवू लागले. आता त्यांना हरवायची होती ती आपल्याच अंगणात जन्मलेली गाडी. १९५० मध्ये पहिल्या विश्वविजेतेपदाच्या मालिकेत अल्फाने ज्या सहा ग्राँ प्रीत भाग घेतला त्या सहाही जिंकल्या.

फेरारींनी सुरुवातीला अल्फाचाच मार्ग धरला, दीड लिटर आणि सुपरचार्जर. इंजिन पुन्हा कोलंबोचंच. ते कमी पडलं. १९४९ मध्ये बेल्जियमच्या स्पा इथे अवजड टाल्बो चालवणारा लुई रोझिए इंधनासाठी एकदाही न थांबता फेरारींच्या पुढे निघून गेला. पोचा धडा पुन्हा एकदा गिरवला गेला. फेरारींकडचा तरुण इंजिनिअर ऑरेलिओ लाम्प्रेदी याने आता उलटा मार्ग सुचवला: ब्लोअर काढून टाकू, साडेचार लिटरचं मोठं बारा सिलिंडरचं इंजिन बनवू.

अल्फाचा खर्च कुठे होता, ते लाम्प्रेदीला दिसत होतं. १९५१ च्या अल्फा १५९ मध्ये दोन टप्प्यांत हवा दाबली जाई आणि १,४७९ सीसीतून चारशेहून अधिक अश्वशक्ती निघे. इतकी दाबलेली, इतकी तापलेली हवा थंड करायला इंधनात मुख्यतः मेथेनॉल वापरलं जाई. मेथेनॉल उडताना खूप उष्णता शोषतं, हा त्याचा गुण. पण तेवढ्याच हवेसोबत ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं, हा त्याचा खर्च. परिणाम असा, की अल्फा एका लिटरमध्ये जेमतेम अर्धा किलोमीटर जाई. एवढं इंधन वाहायचं म्हणून टाक्या वाढवल्या, टाक्यांनी वजन वाढवलं, वजनाने टायर झिजवले. शिगेच्या धान्यासाठी बैलगाडीच मोठी करावी लागली आणि बैल दमू लागले.

१४ जुलै १९५१, सिल्व्हरस्टोन, ब्रिटिश ग्राँ प्री. साडेचार लिटरच्या फेरारी ३७५ मध्ये होता अर्जेंटिनाचा होसे फ्रोइलान गोन्सालेस. जाडजूड अंगाचा, स्टिअरिंगशी कुस्ती खेळल्यासारखा चालवणारा, म्हणून ‘पाम्पासचा बैल’ हे टोपणनाव. सराव फेऱ्यांत त्याने फँजिओच्या अल्फाला पूर्ण एका सेकंदाने मागे टाकलं. शर्यतीच्या ९० फेऱ्यांत तो आणि त्याचाच देशबांधव फँजिओ एकमेकांना ओलांडत राहिले. फेरारीचा प्रमुख ड्रायव्हर आस्कारी याची गाडी आधीच बिघडली होती. गोन्सालेस इंधनासाठी थांबला तेव्हा गाडीतून उतरून त्याने आपली जागा आस्कारीला देऊ केली. त्या काळात प्रमुख ड्रायव्हरला तसा हक्क असे. आस्कारीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला परत पाठवलं. इंधन भरण्यात अल्फाचा जास्त वेळ गेला. गोन्सालेस सुमारे ५० सेकंदांनी जिंकला.

विश्वविजेतेपदाच्या मालिकेतला फेरारीचा हा पहिला विजय. बातमी कळल्यावर आपण रडलो, आणि आनंदासोबत आपल्या आईचाच जीव घेतल्यासारखं वाटलं, असं एन्झो फेरारींनी पुढे आठवणींत लिहिलं. ज्या अल्फाने त्यांना घडवलं तिलाच त्यांनी हरवलं होतं.

त्या वर्षीचं विजेतेपद मात्र फँजिओने अल्फातूनच मिळवलं. शेवटच्या स्पेनच्या शर्यतीत फेरारीने टायर निवडताना चूक केली. म्हणजे शिगेचं माप हरलं ते विजेतेपद खिशात घालूनच. पण वाढवायला आता जागा उरली नाही, हे अल्फाला कळलं होतं. त्या मोसमानंतर कंपनी ग्राँ प्रीतून बाहेर पडली.

माप सोडून तराजू

पुढे तो आकडा बदलतच राहिला. १९५४ पासून अडीच लिटर एनए किंवा ७५० सीसी सुपरचार्ज्ड, म्हणजे ३.३३. या भावात ब्लोअर कुणालाच परवडेना आणि जागतिक मालिकेतून तो नाहीसाच झाला. १९६१ मध्ये त्याच्यावर बंदीच आली. १९६६ मध्ये ३ लिटर एनए किंवा दीड लिटर दाबाच्या हवेचं इंजिन, म्हणजे दोन. हा पर्याय अकरा वर्षं कुणी घेतला नाही.

१९७७ मध्ये तो रेनोने घेतला, पण वेगळा पंप घेऊन. टर्बोचार्जर. यात पंप फिरवायला इंजिनाच्या दांड्याची ताकद लागत नाही. धुरकांडीतून वाया जाणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो आणि ते चक्र हवा दाबतं. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्येच पेटंट केली होती. शिगेचा पहिला खर्च असा बराचसा टळला. सुरुवातीला रेनोच्या गाड्या इतक्या वेळा धूर काढत बंद पडायच्या, की इंग्रजांनी त्यांना ‘पिवळी किटली’ म्हणायला सुरुवात केली. १९७९ मध्ये त्याच किटलीने फ्रेंच ग्राँ प्री जिंकली. काही वर्षांतच दीड लिटरमधून, निदान पात्रता फेरीत, हजाराच्या वर अश्वशक्ती निघू लागली.

आता नियम करणाऱ्यांनी शिगेचा तिसरा खर्च मोजायला घेतला. शर्यतीत इंधन भरायला बंदी आणि टाकीवर मर्यादा: १९८४ मध्ये २२० लिटर, १९८६ मध्ये १९५, १९८८ मध्ये टर्बो गाड्यांना फक्त १५०. १९५१ च्या अल्फाला या हिशेबात जागाच मिळाली नसती. पण तोवर इलेक्ट्रॉनिक्स आलं होतं, प्रत्येक थेंब मोजून सोडता येत होता. १५० लिटरमध्येही मॅक्लारेन-होंडाने १९८८ च्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. शेवटी १९८९ मध्ये टर्बोवर बंदी आली.

टर्बो परतला २०१४ मध्ये. या वेळी नियमाने वेगळंच केलं. दीड, तीन, दोन असा कोणताच भाव ठरवला नाही. इंजिनात ताशी जास्तीत जास्त १०० किलो इंधन जाईल आणि अख्ख्या शर्यतीला १०० किलोच मिळेल, एवढं लिहिलं. भांड्याचं माप १.६ लिटर असं ठरलेलं होतं, पण खरी मर्यादा वजनाची होती. नव्वद वर्षं पायल्या मोजून झाल्यावर कुणीतरी तराजू आणला.

आपल्या बाजारातली पायली

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आपल्याकडच्या शोरूममध्ये डोकावून पाहा. छोट्या गाड्यांना करात सवलत देताना भारतात २००६ पासून एक रेषा आखलेली आहे: लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत. सप्टेंबर २०२५ पासून या रेषेच्या आत १८ टक्के जीएसटी आहे, बाहेर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचे टप्पेही सीसीवरच: १,००० पर्यंत, १,५०० पर्यंत, त्यावर. सरकार पायली मोजतं, शीग मोजत नाही.

म्हणूनच एक लिटरच्या, तीन सिलिंडरच्या टर्बो गाड्या आपल्याकडे इतक्या दिसतात. मारुतीची फ्राँक्स दोन इंजिनांत मिळते. १,१९७ सीसीचं एनए सुमारे ९० अश्वशक्तीचं आणि ९९८ सीसीचं टर्बो सुमारे १०० चं. भांडं लहान असलेल्या गाडीची ताकद जास्त, आणि विम्याचा टप्पा सगळ्यात स्वस्त. १९४७ मध्ये दीड लिटर अल्फाला जो भाव मिळाला, तसाच हा प्रकार. फक्त तिथे एकास तीन असा काहीतरी भाव होता, इथे एकास एक.

यात फसवणूक काही नाही. टर्बोचं गणित खरंच चांगलं आहे. हळू चालवताना लहान भांडं कमी पितं, घाटात किंवा ओव्हरटेक करताना पंप मदतीला येतो. महाबळेश्वरच्या विरळ हवेतही ती गाडी फारशी मरगळत नाही, कारण हवा दाबून घेण्याची सोय तिच्याकडे असते. मायलेजचे प्रमाणित आकडेही दोघींचे जवळजवळ सारखे छापलेले असतात. पण ते आकडे ठरावीक, सौम्य चालीने तपासलेले असतात. शीग लागते ती पाय दाबल्यावर. तुम्ही शहरात सिग्नल ते सिग्नल पळवणार असाल, टर्बोच्या धक्क्याची चटक लागली असेल, तर हिशेब पंपावर चुकता होतो, जसा पोला आणि सिल्व्हरस्टोनला चुकता झाला. आणि तुमचा पाय हलका असेल, तर त्याच टर्बोवर १९८८ च्या मॅक्लारेनसारखा मोजून-मापून प्रवास करता येतो.

त्यामुळे ‘एनए की टर्बो’ या भांडणात पडण्याआधी दोन साधे प्रश्न विचारावेत. आपल्याला मोजणारा नियम नेमकं काय मोजतोय, भांडं की इंधन? आणि शिगेची किंमत कोण भरणार? डब्ल्यू. ओ. बेंटली, लाम्प्रेदी आणि ड्रेफ्यूसची मालकीण ल्युसी शेल यांनी आपापल्या काळात हेच प्रश्न विचारले. उत्तरं तिघांची वेगळी होती, कारण नियम वेगळे होते आणि रस्ते वेगळे होते. पुढची गाडी घेताना ब्रोशरमधला सीसीचा आकडा जरूर वाचा. मात्र तो आकडा पायलीचा आहे, धान्याचा नाही, एवढं ध्यानात असू द्या.